मढ्याच्या गाडीची बॅटरी

आमच्या वसाहतीत माणसं मरत नाहीत, हीच आमच्या संसाराची अडचण आहे. भांडतात, खोकतात, एकमेकांच्या नावानं बोटं मोडतात, दवाखान्यात जाऊन परत येतात. मरत मात्र नाहीत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, माझं काही म्हणणं नाही. पण माझा नवरा मढ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

लोक तिला ‘ती गाडी’ म्हणतात. नाव घेतलं की दारात येते असं वाटतं त्यांना. मी सरळ मढ्याची गाडी म्हणते. लांब, पांढरी, मागं एक माणूस निवांत आडवा होईल एवढी जागा, कडेला रडणाऱ्यांसाठी बाक आणि काचांना निळे पडदे. पडदे मीच शिवलेत. गाडीच्या गॅरेजवर एक खोली आहे, ती नवऱ्याच्या नोकरीबरोबर मिळालेली. कुणी तिला खुराडं म्हणेल, मी घर म्हणते. खिडकीशी माझं शिलाई मशीन आहे. अर्ध्या वसाहतीचे कपडे मी शिवते, म्हणून मला शिवणताई म्हणतात. नवऱ्याला म्हणतात पोचव्या. तोंडावर नाही म्हणत. तोंडावर तर ‘या, बसा’सुद्धा म्हणत नाहीत. वाढदिवसाला बोलावत नाहीत, हातातून पाण्याचा पेला घेत नाहीत, आणि घरातलं माणूस गेलं की मात्र दार बडवतात, ‘दादा, ओ दादा’ करत.

तर आमच्यामागं साडेसाती लागली ती निवृत्त हेडमास्तर गेले त्या दिवशी. जन्मभर वेळेवर घंटा देणारा माणूस. त्यांना गाडीत ठेवलं, फुलं घातली, बायका रडून झाल्या, नवऱ्यानं किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. तिसऱ्यांदा टकसुद्धा नाही. शेवटी हेडमास्तरांचे चार जावई कोट काढून मागं लागले आणि धक्का मारू लागले. थोरला जावई धापा टाकत म्हणाला, “जिवंतपणी राबवलं ते काय कमी होतं?” फाटकापाशी इंजिननं गचका दिला, गाडी सुटली आणि धाकटा जावई तोंडावर आपटला तो थेट कुंड्यांमध्ये. तेवढ्यात कुणीतरी हसलं. कोण हसलं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मीच हसले.

त्यावर वसाहतीचे अध्यक्ष नवऱ्याला म्हणाले, “ड्रायव्हर, पुन्हा एकदा ही गाडी बंद पडली, तर गाडी विकायची, गॅरेज रिकामं करायचं. वरची खोलीसुद्धा.”

अध्यक्षांची स्वतःची नवीकोरी गाडी गॅरेजबाहेर उन्हात तापत असते. ते रोज आधी तिच्याकडं बघतात, मग आमच्या गॅरेजकडं. ह्याचा अर्थ कळायला शाळा शिकावी लागत नाही.

नवरा बॅटरीवाल्याकडं गेला, मीही गेले. एकट्याला पाठवलं तर हा सगळ्याला ‘बरं’ म्हणून परत येतो. बॅटरीवाल्यानं पाणी बघितलं, मीटर लावून बघितला आणि म्हणाला, “बॅटरीला काही झालेलं नाही. तुमची गाडी हिंडत नाही हा रोग आहे. आठवड्यातून एकदा तरी तासभर रस्त्यावर काढा, जरा वेगानं पळवा. बॅटरी म्हणजे काय म्हैस आहे, खुंट्याला बांधून दूध देत राहायला?”

झालं. पुढच्या रविवारी नवऱ्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गाडी बाहेर काढली. फाटकापर्यंत पोचायच्या आत वसाहतीच्या खिडक्या धडाधड लागल्या. तळमजल्यावरच्या काकूंनी आपल्या नवऱ्याला गॅलरीतून दंडाला धरून आत ओढलं. “आत या आधी! तिच्याकडं बघू नका!” काकांना नुसती सर्दी झाली होती. पलीकडच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ तर गाडी बघूनच छाती धरून बसले आणि दुपारी दोन माणसांचं जेवले.

संध्याकाळी समितीची बैठक. ठराव काय, तर मढं असल्याशिवाय ‘ती गाडी’ बाहेर काढायची नाही.

मी मागं उभी होते. म्हटलं, “मग बॅटरी चार्ज करायला दर रविवारी एक माणूस मारू का? नावं द्या, कोण तयार आहे?”

दोघांनी आपापल्या शेजाऱ्याकडं बघितलं.

त्यानंतर माझ्या नवऱ्यानं आपल्या डोक्यानं उपाय काढला. रोज सकाळी गॅरेजचं दार उघडायचा, गाडी जागेवरच सुरू करायचा, चार-पाच मिनिटं घर्रघर्र चालू ठेवायचा. कुणी आवारातून जायला लागलं की शरमून बंद करायचा. ते गेलं की पुन्हा सुरू. दुसरं कुणी आलं की पुन्हा बंद. मला वरून ऐकू यायचं. वाटायचं, गाडीला उचकी लागली आहे. आणि एवढं करून बॅटरी चढायच्या ऐवजी उतरतच चालली. किल्ली फिरवली की गाडी म्हाताऱ्या माणसासारखी कण्हत उठायची.

पुन्हा बॅटरीवाला. त्यानं कपाळाला हात लावला. “अहो दादा, सुरू करताना गाडी घागरभर घेते आणि उभ्यानं चालवून तुम्ही चमचाभर परत घालता. वर त्या चमच्यातही कुणीतरी तोंड घालतंय. गाडी बंद असताना काहीतरी चालू राहतंय. शोधा.”

“उंदीर असतील,” नवरा पटकन म्हणाला. त्याचा चेहरा बघून मला तिथंच शंका आली. हा माणूस खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात.

त्या दिवशी दिवेलागणीला मी पायरी पायरी उतरून गॅरेजमध्ये गेले. दार लोटलं आणि उंबऱ्यातच थांबले. गाडीच्या आत, पडद्यांमागं, निळा उजेड. मी कुणाच्या बापाला भीत नाही, पण बाप मेलेला असला तर गोष्ट वेगळी. तरी हातात कात्री होती, तीच धरून मागचं दार उघडलं. आत कुणी नाही. छताला एक चिमुकला दिवा तेवढा जळत होता.

वर गेले. नवरा भिंतीकडं तोंड करून भांडी पुसत होता. कान लालभडक.

“तो दिवा कोण लावतं?”

“कुठला दिवा?”

“अहो!”

“मी लावतो,” तो म्हणाला. “रोज.”

“कशाला? मेलेल्यांना पेपर वाचायला?”

त्यानं ताटली खाली ठेवली. “तसं नाही गं. आपण वर झोपतो, खाली ती उभी असते. मागं अंधार असला की मला वाटतं, कुणीतरी बसलंय. दिवा असला की दिसतं, कुणी नाही.”

“पण तुम्ही इथं वर! इथून काय दिसतंय तुम्हाला?”

“दिसत नाही. पण दिवा आहे हे माहीत असतं ना.”

ह्या माणसानं हेडमास्तरांपासून पहिलवानापर्यंत सगळ्यांना पोचवलं. खांद्यावर घेतलं, हातानं फुलं घातली. आणि रिकाम्या गाडीला भितो! मी आधी संतापले, मग तोंडावर पदर धरून इतकी हसले की खालच्या आवारातून कुणीतरी विचारलं, काय झालं. नवराही हसला, थोडा उशिरा. दिवा मी त्याच्यादेखत काढला आणि माझ्या बटणांच्या डब्यात टाकला.

पण बॅटरीनं जे घालवायचं ते घालवलं होतं. आणि कुणीतरी गाडीचं कण्हणं अध्यक्षांच्या कानावर घातलंच. निरोप आला: रविवारी अकराला समितीसमोर गाडी सुरू करून दाखवायची. एका किल्लीत. नाही झाली, तर पहिल्या तारखेपर्यंत खोली सोडायची. बॅटरीवाल्याकडं धावलो तर दुकानाला कुलूप, तो लेकीकडं गेलेला. नवरा गॅरेजमध्ये गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. मी म्हटलं, “हात ठेवून चार्ज होत असती तर मी नाही का दोन्ही हात ठेवले असते?” पण खरं सांगते, मशीन कुठं न्यायचं, हाच विचार. माणसं कुठंही झोपतात, मशीनला उजेड लागतो.

शनिवारी मी अध्यक्षांच्याच घरी गेले. भीक मागायला नाही, गाऊन द्यायला. त्यांच्या आईला आख्खी वसाहत मोठीआई म्हणते. मोठीआईंच्या मणक्याचं काहीतरी बिनसलंय; बसलं की कळ मस्तकात जाते, उभं राहिलं की पाय जातात. आडवं पडलं की ठणठणीत. तोंड तर उभं, आडवं, कसंही चालतं. मी त्यांचे गाऊन पाठीला बटणं न लावता शिवते, म्हणून माझ्यावर जीव.

“काय गं शिवणताई, तोंड का उतरलंय? तुझीही बॅटरी उतरली का?”

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. आडव्या माणसाला घरातलं सगळं ऐकू येतं. मी सांगितलं, काहीही न लपवता. दिव्याचं तेवढं सोडून.

“म्हणजे गाडी तासभर हिंडली तर उद्या सुरू होईल?”

“होईल. पण ठराव आहे ना तुमच्या लेकाचा. मढं असल्याशिवाय काढायची नाही.”

मोठीआई पंख्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “किती महिने झाले, मी हा पंखा बघतेय. त्याच्या एका पात्यावर डाग आहे. मला त्या डागाचा नकाशा पाठ झालाय. लेकाला म्हटलं, बाहेर ने रे एकदा. म्हणतो, आई, गाडीत तुला बसता येत नाही. म्हटलं, मग अँब्युलन्स सांग. म्हणतो, तू कुठं आजारी आहेस? बसता येत नाही म्हणून गाडी नाही, आणि आजारी नाही म्हणून अँब्युलन्स नाही.” त्यांनी मान माझ्याकडं वळवली. “आडवं नेणारी गाडी एकच. तुझ्या नवऱ्याकडं.”

“मोठीआई! अहो, ती मढ्याची—”

“मग? मेल्यावर त्याच गाडीतून जायचंय ना? तेव्हा खिडकीतून काय दिसणार मला, कप्पाळ? पैसे वसाहतीचे, गाडी वसाहतीची. जिवंतपणी एकदा वापरते. उद्या नऊला लेक आणि सून बाजारात जातात. नवऱ्याला सांग, दाढी करून ये.”

नवरा हे ऐकून खाटेवर बसला. “अगं, जिवंत माणूस मी कधी नेला नाही!”

“त्यात काय अवघड आहे? मेलेला तक्रार करत नाही, जिवंत करतो. एवढाच फरक.”

रविवारी नऊला बाजाराची पिशवी फाटकाबाहेर गेली आणि आम्ही स्ट्रेचर घेऊन जिना चढलो. मोठीआईंनी नवा गाऊन घातला होता, केस विंचरले होते. वजन म्हणाल तर कपड्यांच्या गाठोड्याएवढं. जिना उतरून आवारात आलो आणि लख्ख ऊन त्यांच्या डोळ्यांवर आलं. इतक्या महिन्यांची सवय नाही. “आई गं, डोळे दिपले,” म्हणत त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली. आणि माझा नवरा! सवयीचा गुलाम. स्ट्रेचर हातात आलं की मान खाली, पाऊल संथ, चेहरा सुतकी. तळमजल्यावरच्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. मला ते दिसलं, पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त बॅटरी होती.

किल्ली फिरवली. खर्र. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. पुन्हा खर्र, खर्र. “काय झालं रे?” मागून मोठीआई. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून फिरवली आणि गाडी कण्हत, कुंथत, शेवटी एकदाची पेटली.

“आता आभाळ कोसळलं तरी इंजिन बंद करायचं नाही,” मी म्हटलं आणि मागं मोठीआईंशेजारी बाकावर बसले.

फाटक ओलांडलं तशी चादर भिरकावली गेली. “ते पडदे ओढ आधी. कुणी शिवलेत इतके जाड?”

मी पडदे बाजूला सारले, शिवणारीचं नाव काही सांगितलं नाही.

मग काय विचारता. उशी मानेखाली घेऊन मोठीआई नुसत्या बोलत होत्या. “हा पूल कधी झाला? इथं तर नाला होता. अगं, तो शिंपी म्हातारा झाला की! ए पोचव्या, खड्डा बघ ना!” नवऱ्याच्या पाठीत मी पहिल्यांदाच ताठपणा बघितला. आजवर त्याच्या गाडीतून त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. “बघतो, मोठीआई,” तो म्हणाला, आणि पुढचा खड्डा अलगद चुकवला.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडी पळू लागली. समोरची वाहनं बाजूला होत होती. एका माणसानं टोपी काढून छातीशी धरली. मोठीआईंनी त्याला खिडकीतून हात हलवला. त्या माणसाचं पुढं काय झालं मला माहीत नाही.

तळ्याकाठी आइस्क्रीमवाला दिसला. मोठीआईंचा हट्ट, हवंच. इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली. आइस्क्रीमवाला आमच्याकडं पाठ करून उभा. नवरा म्हणाला, “एक द्या.” तो म्हणाला, “तुमच्यासाठी ना?” तेवढ्यात मागच्या खिडकीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला आणि आवाज आला, “व्हॅनिला नको!” आइस्क्रीमवाला ढकलगाडी सोडून जो पळाला तो पळाला. आम्ही डब्यातून एक कांडी घेतली, पैसे झाकणावर ठेवले आणि निघालो. व्हॅनिलाच निघाली. खाल्ली पण.

तासभर झाला, वर थोडा झाला. परत वळून वसाहतीच्या फाटकाशी आलो आणि नवऱ्यानं ब्रेक दाबला.

आवारात सगळी वसाहत. काकूंच्या टॉवेलनं आपलं काम केलं होतं. कुणी पांढरे कपडे घालून, कुणी फुलं घेऊन. समितीसुद्धा हजर, अकराची बैठक होतीच. आणि मधोमध अध्यक्ष, बाजाराची पिशवी अजून खांद्याला, दोघांनी धरलेले. ओक्साबोक्शी रडत होते. बाजारातून येतात तर घरात पलंग रिकामा आणि आवारात माणसं फुलं घेऊन. माणसानं काय समजायचं?

गाडी बघून त्यांनी हंबरडाच फोडला. “आई गं! एकदा म्हणत होतीस, बाहेर ने, बाहेर ने... नेलं नाही गं मी! एकदा तरी न्यायला हवं होतं!”

मागच्या खिडकीतून आवाज आला, “मग ने की आता!”

काकू मटकन खाली बसल्या. अध्यक्ष गाडीच्या मागं धावत आले, दार उघडलं, आणि आत त्यांची आई, हनुवटीवर आइस्क्रीम, हातात कांडी. ते तिच्या पायांवर डोकं ठेवून पुन्हा रडले. ते रडणं खरं होतं, मी मान्य करते. तेवढ्यापुरता माझा राग गेला. तेवढ्यापुरताच.

कारण लगेच ते उठले, डोळे पुसले आणि शंभर माणसं बघताहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. “ड्रायव्हर! कुणाला विचारून गाडी काढलीस? ठराव काय होता?”

नवरा म्हणाला, “साहेब...” आणि कान लाल.

मीच उतरले. “ठराव बरोबर होता, साहेब. तुम्ही माणसाला मेल्यावरच बाहेर काढायचं ठरवलं होतं. आम्ही जरा लवकर काढलं.”

गर्दीत खसखस पिकली. अध्यक्ष चिडले. “ते राहू दे! अकरा वाजलेत. बंद कर इंजिन. आणि एका किल्लीत सुरू करून दाखव. झाली नाही तर खोली खाली.”

नवऱ्यानं इंजिन बंद केलं. फुलं घेतलेली माणसं पुढं सरकली. त्यानं किल्लीवर हात ठेवला आणि मागं वळून बघितलं, माझ्याकडं नाही, मोठीआईंकडं.

“फिरव रे,” त्या म्हणाल्या. “घाबरतोस काय? मी आहे मागं.”

त्यानं फिरवली. ना खर्र, ना टक. गाडी अशी झटक्यात सुरू झाली की पुढं सरकलेली माणसं दोन पावलं मागं गेली.

“झाली ना सुरू?” मोठीआई लेकाला म्हणाल्या. “पुढच्या रविवारी तूही चल. बाकावर जागा आहे. आणि तुझी ती नवी गाडी झाडाखाली लाव, काही वितळत नाही.”

आणलेल्या फुलांचं काय करायचं, हा प्रश्न होता. मोठीआईंनी सगळी मागून घेतली आणि पलंगाशेजारी ठेवली.

आता दर रविवारी नऊला गाडी निघते. ठराव बदललेला नाही, त्याचं नाव कुणी काढतच नाही. गुडघेवाले येतात, कंबरवाले येतात. काकूंनी पहिल्या आठवड्यात तोंड वाकडं केलं, दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडं ब्लाऊजचं माप द्यायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “खिडकीकडची जागा मिळेल का गं?” अध्यक्ष बाकावर बसतात आणि आई सांगेल तिकडं बघतात. मधे एकदा खरोखरचं मढं न्यायची वेळ आली, तेव्हा गाडी एका किल्लीत निघाली. कुणाला कोट काढावा लागला नाही.

तो चिमुकला दिवा अजून माझ्या बटणांच्या डब्यात आहे. मी एकदा नवऱ्याला विचारलं, “लावायचा का परत? भीती वाटत असेल तर बॅटरी आता भरलेली आहे.”

“नको,” तो म्हणाला. “मागं कुणीतरी बसलंय असं अजून वाटतं. पण आता मला ऐकू येतं ना, ‘ए पोचव्या, खड्डा बघ’ म्हणून. मग झोप लागते.”